शुक्रवारचा घाणा

कळंबच्या एस.टी. स्टँडवरून बार्शीची गाडी रविवारी सकाळी सुटली, तेव्हा आम्हाला निरोप द्यायला निम्मी गल्ली उभी होती. हे मी पहिल्याच वाक्यात लिहितो, कारण माझा वर्गमित्र दिगंबर याने गल्लीच्या इतिहासाच्या पुस्तिकेसाठी जो मजकूर तयार केला आहे, त्यात शलोम तेली भरलेला घाणा अर्ध्यावर टाकून, कोणाला न सांगता इस्रायलला निघून गेले, असे म्हटले आहे. छापायला देण्यापूर्वी त्याने तो मला मोबाइलवर पाठवला, एकदा नजरेखालून घालावा म्हणून. मी तो चार वेळा वाचला. शलोम तेली हे माझे वडील. त्यांच्या नावावर हे वाक्य कायमचे चिकटणार असेल, तर गप्प बसणे मला मान्य नाही.

आम्ही कोणाला न सांगता निघालो नाही. आईने गल्लीतल्या प्रत्येक दारात जाऊन निरोप घेतला होता. स्टँडवर शेजारच्या सोजरमावशीही आल्या होत्या. बाबा पत्र्याची ट्रंक खाली ठेवून त्यांच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "सोजर, चुकलं माझं. मनात ठेवू नको." मावशी हसल्या. "जावा भाऊ, सुखानं जावा. तेल ब्येस निघालंय." गाडीत बसल्यावर बाबांनी खिडकीतून हात केला. मी मात्र दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून चिंचेच्या झाडाकडे पाहत राहिलो. मी गाव सोडताना रडत होतो, असे माझी धाकटी बहीण रिव्का आजही सांगते. तेही खरे नाही. मी कोणाकडे पाहू शकत नव्हतो, एवढेच.

जे आम्हाला ओळखत नाहीत, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. पणजोबा कोकणातून लाकडी घाणा घेऊन वर आले आणि करडईच्या या मुलखात स्थिरावले. शनिवारी आमचा घाणा बंद, म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणत. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ लागतो. तेव्हापासून दुसऱ्या दिवशी तारे दिसेपर्यंत आम्ही काम करायचे नाही, आमच्या बैलानेही नाही, आणि दुसऱ्याला सांगून आपले काम करून घ्यायचेही नाही. यामुळे बाबांचे दोन नियम झाले होते. शुक्रवारी दुपारनंतर घाणा भरायचा नाही, कारण भरलेला घाणा पुरा झालाच पाहिजे. पाणी शिंपडलेला भरडा दुसऱ्या संध्याकाळपर्यंत आंबतो आणि बी वाया जाते. दुसरा नियम शब्दाचा. कोणालाही काही कबूल करताना बाबा शेवटी "घडलं तर" असे म्हणत. तोंडातून गेलेला शब्द आमच्या धर्मात नवसाइतका बांधतो. तो पुरा करता येणार नसेल तर तो उच्चारूच नये, अशी त्यांची शिकवण होती. गिऱ्हाईक चेष्टा करी, "शलोमभाऊ, उद्या सूर्य उगवंल का?" बाबा शांतपणे म्हणत, "घडलं तर."

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि मला ते "घडलं तर" भित्रेपणाचे वाटे. सोजरमावशींनी वर्षाच्या तेलासाठी करडई आणून टाकली, तेव्हा मी छाती काढून सांगितले, "जायच्या आधी तुमचं सगळं तेल काढून देतो. हा माझा शब्द." त्यानंतर बुधवार आणि गुरुवार मी दिगंबरबरोबर नळदुर्गचा किल्ला पाहण्यात घालवले. गाव सोडण्यापूर्वी पाहून घ्यावा, ही कल्पना त्याची होती; परंतु मला कोणी बांधून नेले नव्हते.

शुक्रवारी पहाटेपासून घाणा चालवला. दुपारी एका घाण्याची करडई शिल्लक राहिली. बाबा म्हणाले, "आता बास. उरलेली मावशीला परत दे, अन् सांग की राहिली." राहिली, असे सांगायचे? शब्द दिल्यावर? बाबा शब्बाथच्या अंघोळीला गेले आणि मी घाणा भरला. थंडीचे दिवस होते, ऊन लवकर उतरले. तेलाची धार नुकती धरली होती तेव्हा बाबा धुतलेल्या कपड्यांत बाहेर आले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा आकाशाकडे, आणि बैलाच्या मानेवरून जू उतरवले. आत आईने दिवे लावले.

एवढ्यात मावशी तेलाची कासंडी घेऊन आल्या. "भाऊ, बैल का सोडला? पंधरा-वीस फेऱ्यांचं तर काम हाय."

"सूर्य बुडाला, सोजर."

"मग म्या फिरवते."

 हो म्हणणे बाबांना शक्य नव्हते, आणि मावशींची करडई नासू दे असे म्हणणे तर त्याहून अशक्य. मावशी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. "व्हय म्हणंना, न्हाय म्हणंना. बरं, कळलं मला." त्या गेल्या आणि स्वतःचा नांगराचा बैल घेऊन आल्या. त्या बैलाला शेतात सरळ तास धरून चालायची सवय. गोल फिरणे त्याच्या बापजन्मात नव्हते. तो तीन पावले टाकी आणि दाराच्या दिशेने ओढ घेई. शेवटी मावशी कासरा धरून त्याच्या पुढे चालू लागल्या. "चल रे लेका, तुझ्यापायी मलाबी घाण्याला जुंपलं," असे म्हणत त्यांनी सगळ्या फेऱ्या घातल्या. बाबा उंबऱ्यात उभे होते. ते बसले नाहीत.

कासंडी भरल्यावर मावशींनी घाम पुसला आणि विचारले, "पर भाऊ, शुक्रवारी दिवस कलताना भरला कुणी हो ह्यो?"

मी तिथेच होतो, चार हातांवर.

"माझ्या हातनं झालं," बाबा म्हणाले.

म्हणजे, दिगंबर, घाणा अर्ध्यावर टाकला गेला नाही आणि शलोम तेल्याने तो भरलाही नाही. मी भरला.

दिमोनाच्या वाळवंटात आम्ही राहू लागलो. सकाळी उल्पानमध्ये हिब्रू शिकायची, दुपारी कापड गिरणीत पाळी, संध्याकाळी चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. तिथे शुक्रवारी भोंगा वाजे आणि अख्खे शहर आपोआप थांबे. कोणाला काही समजावून सांगावे लागत नसे. कळंबला शब्बाथ पाळण्यासाठी शेजारी लागत. इथे नुसते कॅलेंडर पुरे. बाबांना तो भोंगा कधी आवडला नाही. त्या शुक्रवारविषयी ते मला एक अक्षर बोलले नाहीत आणि मीही विचारले नाही. ते गेले त्याला आता पुष्कळ वर्षे झाली.

निवृत्तीनंतर मी सिनेगॉगमधल्या साप्ताहिक पाठाला जाऊ लागलो. मोरोक्कोहून आलेले आमचे रब्बी एकदा सांगत होते की सत्कृत्य सुरू करणाऱ्याला ते पुरे कर असे बजावावे, कारण काम ज्याने पुरे केले त्याच्या नावाने ते ओळखले जाते. आमचा पूर्वज योसेफ याच्या अस्थी मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, प्रेषित मोशेने उचलल्या आणि चाळीस वर्षे रानातून वाहिल्या. पण शेवटी ज्यांनी त्या दफन केल्या, श्रेय त्यांचे लिहिले गेले. मी उठून भांडलो. हा मोशेवर अन्याय आहे, म्हणालो. रब्बींनी चष्म्यावरून पाहिले. "हाईम, तू मोशेचा वकील आहेस की स्वतःचा?" लोक हसले. मी महिनाभर पाठाला गेलो नाही.

दिगंबरचा मजकूर आल्यावर त्याला खोडून काढण्यासाठी मी साक्षीदार शोधला. सोजरमावशींचा मुलगा महादेव आता सत्तरीचा आहे. मी फोन लावला आणि सगळी हकिकत सांगून टाकली. आयुष्यात प्रथमच.

पलीकडे ट्रॅक्टर बंद केल्याचा आवाज आला. "हाईमभाऊ, ह्ये तुमी मला सांगताव?" महादेव म्हणाला. "आई त्याच दिवशी म्हनली व्हती, पोरानं भरला अन् बापानं अंगावर घेतला. आख्ख्या गल्लीला ठावं हाय."

"मग दिगंबरने बाबांचे नाव का लिहिले?"

"तुमचं लिहील व्हय? तुमी जित्ते हाव. त्यो म्हनला, काका तर गेले, त्यांन्ला काय व्हतंय. हाईमला कशाला उघडा पाडायचा. किल्ल्यावर मीच न्हेलतं त्याला, म्हनला. अर्ध्यावर टाकून न सांगता गेले, ह्ये मातुर त्येनं मनानं रंगवलंय."

मी फोन ठेवला. आठ दिवस दिगंबरसाठी जमवलेली सगळी वाक्ये खोडून टाकली.

परंतु दिगंबर, तुझ्या मैत्रीपोटीसुद्धा ते वाक्य मी राहू देणार नाही. आमच्या शास्त्रात माणसाचा अपराध देवाकडे क्षमा मागून फिटत नाही. ज्याचा केला त्याच्याकडेच जावे लागते. तो हयात नसेल तर दहा माणसे घेऊन त्याच्या थडग्यापाशी जावे आणि सर्वांसमक्ष बोलावे. बाबांचे थडगे इथे आहे. मी दहा माणसे जमवूही लागलो होतो. सिनेगॉगमधल्या मंडळींची नावे बोटांवर मोजताना माझ्या लक्षात आले की त्यांतल्या तिघांनाच मराठी समजते. उरलेल्यांसाठी मला हिब्रूत बोलावे लागेल. आणि घाणा, करडई, कासरा, सोजरमावशीचे ते कळलं मला, हे हिब्रूत कसे सांगायचे? बाबांना तरी ती हिब्रू कुठे पुरती आली होती? सोजरमावशीही गेल्या, आणि त्यांना अग्नी दिलेला; त्यांचे तर थडगेच नाही.

साठ वर्षे मला कोणी विचारले की घर कुठे, तर मी दिमोना म्हणत आलो, आणि तेवढ्यावरून भांडायलाही तयार असे. आता असे म्हणतो, की जिथे माझा अपराध मराठीत ऐकून घेणारी दहा माणसे जमतील, ते माझे घर. ती कळंबला आहेत. ती सगळे जाणून होती आणि त्यांनी मला एकदाही सांगितले नाही.

मुलगा म्हणतो, या वयात प्रवास झेपणार नाही. डॉक्टरांचेही तेच मत आहे. दोघांचेही चूक आहे. तिकीट काढले आहे. पुस्तिका तोवर छापू नका. रविवारी सकाळी गल्लीत हे मी स्वतः वाचेन, आधी बाबांचे नाव घेऊन, मग मावशींचे. महादेवने आईच्या वतीने काय ते उत्तर द्यावे. आणि दिगंबर, तू अगदी पुढे बस, आणि मला वाचवायला म्हणून मध्ये एक शब्दही बोलू नकोस.