नव्या बल्बच्या उजेडात भंडारदरा

सत्तर सालच्या दिवाळीतली गोष्ट. पाडव्याला सकाळी मी ह्यांना ओवाळलं. ओवाळणीची साडी माझ्या हातात देताना ह्यांचं लक्ष मात्र खिडकीबाहेर उभ्या असलेल्या मोटारसायकलकडे होतं.

"श्रीरामपूरला जास्त वॅटचा बल्ब मिळतो म्हणे," हे म्हणाले. "राजूरच्या पुढे अंधार पडला, तर आपला हा कंदील काही कामाचा नाही."

राजूरच्याही पुढे, भंडारदऱ्याला, आम्हाला भाऊबीजेसाठी जायचं होतं. माझ्या थोरल्या नणंद, इंदूवन्सं, तिथे राहत. त्यांचे यजमान धरणावर नोकरीला होते. पावसाळ्यात नगरला आल्या होत्या तेव्हाच वन्संनी बजावलं होतं, "माधू, गेल्या वर्षी आला नाहीस. या भाऊबीजेला तुला ओवाळल्याशिवाय मी जेवायची नाही." वन्सं बोलल्या की करतात, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मोटारसायकल म्हणजे नगरच्या लष्करी लिलावात घेतलेलं जुनं धूड. आवाज असा की, आम्ही गल्लीच्या तोंडाशी आलो की शेजारीण आमच्या चहाचं आधण ठेवी. बाकी सगळं ठणठणीत, पण ह्यांची तक्रार एकच: दिव्याचा उजेड कमी. गेल्या वर्षभरात ह्यांनी बल्ब बदलला, उजेड पुढे फेकणारी आतली वाटी घासून घेतली, काच बदलली, पुन्हा बल्ब बदलला. मला वाटे, पुरुषांना असतो एकेकाला नाद. कुणाला पत्त्यांचा, ह्यांना दिव्याचा.

सावेडीतून निघालो तेव्हा ऊन चढलं होतं. त्या वेळी सावेडी म्हणजे चार नवे बंगले आणि बाकी माळ. राहुरीपर्यंतचा रस्ता तसाच कोरडा, बाभळींचा. राहुरी मागे टाकली आणि हवाच बदलली. प्रवरेच्या पाटाचं पाणी खेळलेला तो मुलूख. दोन्ही अंगांनी माणसाहून उंच ऊस, मध्येच केळीची बाग, आणि वाऱ्यावर ओल्या मातीचा वास. कारखान्याचा हंगाम नुकताच सुरू झालेला, त्यामुळे रस्त्यावर उसाच्या बैलगाड्यांची रांग. प्रत्येक गाडीमागून वाढं (उसाचे हिरवे शेंडे) रस्त्यावर लोळत चाललेलं.

श्रीरामपुरात आमचा मुक्काम राहेलकडे होता. राहेल माझी ट्रेनिंग कॉलेजातली मैत्रीण. चर्चच्या मागच्या आळीत तिचं घर. दारात गेलो तर तळणीचा घमघमाट.

"अगं, तुमच्याकडे दिवाळी कुठली?" मी विचारलं.

"आमच्याकडे नाताळ. पण आळीतल्या सगळ्या बायका ताटं पाठवतात. मग उलट ताट रिकामं कसं पाठवू?" असं म्हणत तिने आमच्यापुढे गरम चकल्या ठेवल्या. खुसखुशीत, आणि माझ्या चकल्यांपेक्षा बऱ्या. मी तसं बोलून दाखवलं नाही.

राहेलचा भाऊ शमुवेल मोटारींचे सुटे भाग विकी. त्याचं दुकान घराच्या पुढल्याच खोलीत. ह्यांनी 'बल्ब' एवढं म्हणायचा अवकाश, त्याने मांडी घालून दिवा खोलायलाच घेतला. वायर जाड हवी म्हणून तीही बदलली. काम चालू असताना दोघांच्या गप्पा अशा रंगल्या, जणू एका शाळेत शिकलेले.

"एक ध्यानात ठेवा, भाऊसाहेब," शमुवेल म्हणाला, "हा बल्ब खातो जास्त. गाडी हळू चालली की डायनामो पुरा पडत नाही. दिवा लाल व्हायला लागेल. तेव्हा इंजिन जरा पळतं ठेवायचं."

सूर्य मावळल्यावर त्याने दिवा लावला. समोरची भिंत लख्ख उजळली. तिच्यावरची गेल्या निवडणुकीची पुसट अक्षरं वाचता आली. भिंतीच्या कडेला बसलेली कोंबडी पहाट झाली समजून उठली आणि अंग फुगवून इकडेतिकडे बघू लागली. आळीतली माणसं जमली. शमुवेलने टाळ्या वाजवल्या. हे इतके खूश झाले की मला म्हणाले, "बस मागे. बेलापूरच्या रस्त्याने एक चक्कर मारून येऊ."

गावाबाहेर पडलो. उजेड खरंच सुरेख पडला होता. रस्त्यावरचा खडा न् खडा मला ह्यांच्या खांद्यावरून दिसत होता. पुढे वळणावर उसाची एक गाडी दिसली. वाढं उजेडात हिरवंगार चमकत होतं. हे आता वेग कमी करतील, मग करतील, म्हणून मी वाट पाहत होते. हे मात्र सरळच निघाले होते.

"अहो, गाडी! गाडी!" मी ओरडले.

ह्यांनी हँडल वळवलं. मोटारसायकल रस्ता सोडून खाली उतरली आणि पाचटाच्या (उसाच्या वाळक्या पानांच्या) ढिगात शिरून आडवी झाली. आम्ही दोघं त्या ढिगावर अलगद बसल्यासारखे पडलो. खरचटलंही नाही. दिवा तेवढा आकाशाकडे तोंड करून जळत होता.

गाडीवान खाली उतरून धावत आला. मागोमाग उसाच्या भाऱ्यांवर बसलेली त्याची बायको. पाथर्डीकडची माणसं, ऊसतोडीला आलेली.

"लागलं का हो बाई?" तिने मला हात देऊन उठवलं.

"न्हाई लागलं," मी घाबरून तिच्याच भाषेत बोलले, तशी ती हसायला लागली.

गाडीवानाने आणि ह्यांनी मिळून मोटारसायकल उभी केली. मग तो एकदा दिव्याकडे आणि एकदा ह्यांच्याकडे बघत म्हणाला, "सायेब, गावभर उजेड पाडलाय तुमी. तरी येवढी डोंगरावानी गाडी दिसंना व्हय?"

त्याने ते थट्टेने विचारलं होतं. हे अंगावरचं पाचट झटकत राहिले. मी राहेलने पिशवीत घातलेल्या चकल्या त्या बाईच्या ओंजळीत दिल्या. ती म्हणाली, "झाली आमची दिवाळी," आणि परत भाऱ्यांवर चढून बसली.

गाडी गेल्यावर मी ह्यांना विचारलं, "खरंच दिसली नाही?"

"उजेड डोळ्यांवर आला."

"उजेड तर आपलाच होता."

ह्यांनी इंजिन पुन्हा चालूच केलं नाही. आम्ही मोटारसायकल ढकलत राहेलच्या घरापर्यंत चालत आलो.

दुसऱ्या दिवशी, भाऊबीजेच्या सकाळी, राहेलचा निरोप घेऊन निघालो. दिवसाच्या उजेडात हे नेहमीसारखे चालवत होते. संगमनेरच्या अलीकडे नदीकाठी थांबलो. प्रवरेला अजून भरपूर पाणी होतं. पलीकडे एक धोबी कपडे आपटत होता, आणि आपटण्याचा आवाज आमच्यापर्यंत उशिरा पोचत होता. राहेलने बांधून दिलेली शिदोरी सोडली, पण ह्यांनी घास घेतला नाही.

"आमच्या अण्णांचं असंच सुरू झालं होतं," हे नदीकडे बघत म्हणाले.

माझे सासरे मी पाहिले ते पूर्ण आंधळे झाल्यावर. त्याच्या आधीचं मला कुणी सांगितलं नव्हतं.

"आधी संध्याकाळचं दिसेनासं झालं. आई कंदिलाची वात मोठी करायची. मग दोन कंदील लावायला लागली. अण्णा म्हणायचे, तेलात भेसळ आहे." हे थांबले. "मला वर्ष झालं. बल्ब बदलला की चार दिवस वाटतं, आता बरं दिसतंय."

"डॉक्टरला का नाही दाखवलं?"

"दाखवलं आणि त्यांनी तेच सांगितलं तर?"

वर्षभर ज्याला मी नाद म्हणून हसत होते, ते हे होतं तर. रडावंसं वाटलं. पण रडले असते तर हे आणखी खचले असते. म्हणून मी चकलीचा तुकडा ह्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "नगरला पोचल्यावर पहिलं डॉक्टर. आणि आज दिवस असेतो वन्संकडे पोचायचं. अंधारात चालवायचं नाही. कबूल?"

"कबूल."

पण आम्ही कबूल केलं म्हणून रस्त्याने थोडंच केलं होतं! अकोले गावाच्या अलीकडे मागचं चाक बसलं. सणाचा दिवस, पंक्चरवाला बहिणीकडे गेलेला. तो जेवून, ओवाळून घेऊन, कपाळावरचा टिळा मिरवत आला तेव्हा दुपार कलली होती. काम मात्र त्याने मनापासून केलं आणि वर आम्हाला लाडू दिले.

अकोल्यानंतर पुन्हा मुलूख बदलला. ऊस संपला. डोंगर जवळ आले. भाताची खाचरं (बांध घातलेली लहान शेतं) सोनेरी झाली होती, कुठे कापणी चालली होती. एका वळणावर मी म्हटलं, "तो बघा कळसूबाईचा डोंगर." हे "हो" म्हणाले. ते 'हो' मी पहिल्यांदाच नीट ऐकलं. ते न बघता म्हटलेलं होतं.

राजूरला पोचेपर्यंत दिवेलागण झाली. राजूरचे पेढे घ्यायला एका दुकानापाशी थांबलो. दुकानदार म्हणाला, "भंडारदऱ्याला? यष्टी तर गेली आत्ताच. मुक्काम करा की आमच्याकडं."

हे पायरीवर बसले. "ताई जेवायची थांबली असेल," एवढंच म्हणाले. तिकडे ताट वाढून ठेवलेलं, निरांजन तयार, आणि इकडे हा वन्संचा भाऊ काही अंतरावर पायरीवर बसलेला. मला ते बघवेना.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी सावेडीच्या माळावर ह्यांनी हौसेने मला मोटारसायकल शिकवली होती. शेजाऱ्यांनी पाहिल्यावर मी लाजून सोडून दिली. आता मी साडीचा काष्टा मारला, पदर खोचला आणि पुढे जाऊन बसले.

"बसा मागे," मी म्हटलं.

दुकानदार पेढे बांधायचा थांबला. "बाई चालवनार?"

"डोळे माझे," मी म्हटलं, "बाकी सगळं ह्यांचं."

तो रस्ता मी जन्मात विसरणार नाही. चढ-उतार, वळणं, आणि माझी चाल बैलगाडीची. शमुवेल म्हणाला होता तसंच झालं. हळू गेलं की दिवा निखाऱ्यासारखा लाल होई. मग मागून ह्यांचा आवाज येई, "इंजिन ऐक. दमतंय ते. खालच्या गियरवर घे. आता मूठ पिळ, घाबरू नकोस." मूठ पिळली की रस्ता पुन्हा पांढराशुभ्र उजळे. मी म्हणे, "डावीकडे वळण आहे. पुढे म्हैस. म्हैस नव्हे, कातळ." हे म्हणत, "क्लच हळू सोड." एकदा इंजिन बंद पडलं, तर ह्यांनी उतरून लाथ मारून चालू केलं. डोक्यावर भाताचे भारे घेतलेली माणसं कडेला उभी राहून बघत होती. त्यांच्यातला एक म्हातारा ओरडला, "आरं, बाईमानूस हाय! ऱ्हावा बाजूला, लई जोरात येतीया!" मी किती हळू चालले होते हे मलाच ठाऊक. पण तेवढ्या शब्दांनी माझी मान ताठ झाली. निम्मा रस्ता सरल्यावर माझ्या लक्षात आलं की मागे हे हसताहेत. कालपासून पहिल्यांदाच.

वन्संच्या घराच्या फाटकावर आमचा झोत पडला तेव्हा त्या पायरीवरच उभ्या होत्या. हाताने डोळे झाकत त्यांनी विचारलं, "कोण आहे? माधू?"

"मी आहे, वन्सं."

"अगं बाई! वहिनी? आणि माधू कुठाय?"

"आणलाय," मी म्हटलं. "मागे बसलाय."

वन्संनी भावाला ओवाळलं आणि मग मलाही पाटावर बसवून ओवाळलं. "भावाला आणलंस, म्हणून तुलाही," त्या म्हणाल्या. नागलीची (नाचणीची) भाकरी, वालाची आमटी, नव्या तांदळाचा भात. इतकी भूक मला पूर्वी कधी लागल्याचं आठवत नाही. रात्री ह्यांनी वन्संना डोळ्यांचं सांगितलं. त्यांनी भावाच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

सकाळी धरणावर गेलो. पाणी काठोकाठ, त्यात डोंगरांची उलटी रांग. भिंतीवर उभी राहून मी ह्यांना सांगत होते: पलीकडच्या काठावर होडी आहे, होडीत दोघं जण आहेत, त्यातला एक उभा राहून जाळं फेकतोय. हे ऐकत होते. मला वाटलं, इतकी वर्षं एका गाडीवर बसून आम्ही दोघं निरनिराळे रस्ते पाहत आलो, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

परतीला आम्ही भल्या सकाळी निघून ऊन असतानाच नगर गाठलं. दुसऱ्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर. त्यांनी औषध घालून बराच वेळ डोळे तपासले. मी बाहेरच्या बाकावर पदराचं टोक पिळत बसले होते. शेवटी त्यांनी मला आत बोलावलं.

"डोळ्यांचा पडदा अगदी स्वच्छ आहे," ते म्हणाले. "वडिलांचं जे काही होतं, ते यांना नाही. लांबचं दिसत नाही, एवढंच. चष्मा फार पूर्वीच लागायला हवा होता."

ह्यांनी खिशातून रुमाल काढला आणि डोळे पुसत "औषध झोंबतंय" म्हणाले.

चष्मा मिळाला त्या संध्याकाळी आम्ही कापडबाजारातून चालत आलो. हे प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत होते, पहिलीतल्या पोराने वाचावी तशी. दुकानांची नावं, औषधांच्या जाहिराती, पार वरच्या मजल्यावरच्या वकिलाची पदवीसुद्धा. माणसं वळून बघत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझे केस पिकायला लागलेत की गं!"

"कधीचेच," मी म्हटलं.

घराशी आलो. हे मोटारसायकलपाशी थांबले, सीटवरची धूळ हाताने झाडली आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी भंडारदऱ्याला जाऊ."

"अहो, आत्ताच तर जाऊन आलो!"

"तू जाऊन आलीस," हे म्हणाले. "मी अजून कुठे पाहिलाय?"