बोरी अरबला गेलेला माझा नंबर

पासवर्ड हा माणसाच्या खासगी आयुष्याचा शेवटचा दरवाजा आहे आणि त्याची किल्ली कोणाच्याही हाती देऊ नये. हे वाक्य मी आमच्या आर्णीच्या एका कॉलेजात दरवर्षी म्हणतो, खांद्यावर शाल आणि हातात नारळ असताना. त्या वेळी माझ्या दुकानाच्या ड्रॉवरमध्ये एक दोनशे पानी वही असते. तीत तालुक्यातल्या बऱ्याच लोकांचे पासवर्ड असतात, माझ्याच अक्षरात.

त्या दिवशी सकाळी साडेअकराला ती वही काउंटरवर उघडी होती आणि तिचा काही उपयोग होत नव्हता.

समोर वसराम राठोड उभे होते. आर्णीजवळच्या एका तांड्यावर त्यांची शेती आहे. शेजारी त्यांची मुलगी काजल. नर्सिंगच्या प्रवेश यादीत तिचं नाव लागलं होतं, सरकारी कॉलेजात. ही सीट मला हवी आहे, असं साइटवर जाऊन संध्याकाळी पाचपर्यंत कळवायचं होतं. एक बटण दाबायचं. नाही दाबलं तर सीट पुढच्याला.

बटणापर्यंत पोचता येत नव्हतं. साइटचा पासवर्ड काजलच्या फोनमध्ये सेव्ह होता, आणि आदल्या दिवशी चुलतभावाने 'फोन हँग होते' म्हणून त्याला फॅक्टरी रिसेट मारला होता. म्हणजे फोन कारखान्यातून निघाला तेव्हा जसा होता तसा कोरा केला. कोरा झालेला फोन पुन्हा चालू होताना जुन्या ईमेलचा पासवर्ड विचारतो. चोराला तो वापरता येऊ नये म्हणून ही सोय आहे. चोरांना तिचा किती त्रास होतो माहीत नाही. मालकांना फार होतो.

साइटचा पासवर्ड नवा करता येतो, पण त्याची लिंक ईमेलवर जाते. म्हणजे सगळं ईमेलवर येऊन अडलं. ते ईमेल खातं काजल दहावीत असताना मीच काढून दिलं होतं. वहीत पासवर्डही होता. टाकला. चुकीचा.

"बदलला का तू?"

"हो सर. तुम्हीच सांगितलं होतं कॉलेजात. सहा महिन्यांनी बदलत जा म्हणून."

"मग नवा काय ठेवला?"

"तेच तर आठवून नाही राह्यलं."

इतक्या वर्षांत माझं व्याख्यान मनावर घेतलेली ही पहिलीच विद्यार्थिनी.

मी 'पासवर्ड विसरलात?' दाबलं. स्क्रीनवर आलं, की रिकव्हरी नंबरवर कोड पाठवतो. रिकव्हरी नंबर म्हणजे कुलूप अडकलं तर कंपनी ज्याला विचारते तो फोन. सुरक्षेसाठी त्याचे शेवटचे दोनच आकडे दाखवतात. ते दोन आकडे मी ओळखले. तो नंबर माझा होता. म्हणजे अडीच वर्षांपूर्वीपर्यंत होता.

हे कसं झालं ते सांगतो, कारण आमच्याकडे ते सगळ्या दुकानांत होतं. लोक स्कीम पाहून सिम बदलत. घरात एकच फोन, तोही कधी बापाकडे, कधी शेतात. मग खातं काढताना नंबर कोणाचा टाकायचा? दुकानदाराचा. तो कायमचा असतो. मी शे-दोनशे खात्यांवर माझा नंबर टाकला असेल. नंतर त्या कंपनीचा टॉवर नीट चालेना, म्हणून मी दुसरा नंबर घेतला आणि जुन्याला रिचार्ज मारला नाही. रिचार्ज नसलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी परत घेते आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला देते. हे मला माहीत होतं. मी ते इतरांना समजावूनही सांगत असे.

म्हणजे काजलच्या खात्याची किल्ली आता कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या खिशात होती. आणि ती एकटीच नव्हती. वहीची पानं पंख्याच्या वाऱ्याने फडफडत होती, ती मी हाताने दाबून धरली. डॉक्टर, शिक्षक, दोन पतसंस्थांचे मॅनेजर, एक माजी सभापती.

"काय झालं सर?" वसरामभाऊंनी विचारलं.

"सर्व्हर स्लो आहे," मी म्हणालो. आमच्या धंद्यात हे वाक्य खोटं ठरवता येत नाही.

मागच्या खोलीत जाऊन मी स्वतःचा जुना नंबर लावला. तो पाठच होता. कोणाचा फोन आहे हे सांगणाऱ्या ॲपने स्क्रीनवर माझ्याच दुकानाचं नाव दाखवलं. चार रिंग झाल्या. मग एक म्हातारा आवाज आला.

"कोण बोलून राह्यलं?"

मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि म्हणालो की काकाजी, तुमच्या मोबाइलवर आता एक कोड येईल, तेवढा मला सांगा.

पलीकडून उत्तर आलं: "लाज नाई वाटत का रे तुले?"

"काकाजी, ऐका तर..."

"ओटीपी मागून राह्यला दिवसाढवळ्या! पोलिसात देईन. नंबर आला तुया माह्या फोनात."

फोन ठेवला. मी पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा सांगितलं की हा नंबर आधी माझा होता, माझं मोबाइलचं दुकान आहे.

"असं! मंग तो तूच काय?" आवाज चढला. "दोन वर्सं झाले, लोक मले इचारून राह्यले, डिस्प्ले टाकला का, बॅटरी आली का. एक बाई तं रडली माह्यापाशी. मी बोरी अरबचा माणूस, मले काय मालूम तिचा डिस्प्ले?"

मी माफी मागितली. मुलीचं सांगितलं, पाच वाजायचं सांगितलं.

"मी पोस्टमन होतो," तो म्हणाला. "रिटायर झालो. ज्याची डाक त्याच्याच हातात देतो. पोरीले घेऊन ये, आधार कार्ड घेऊन ये. फोनवर नाई देत मी कोनाले."

साडेबारा वाजत होते. आर्णीहून बोरी अरबला दोन तास धरायचे, वाटेत रस्त्याचं काम.

बाहेर येऊन मी एवढंच सांगितलं की कोड एका दुसऱ्या माणसाच्या फोनवर जातो आणि त्याच्याकडे जावं लागेल. का जातो, ते सांगितलं नाही. वसरामभाऊंनी विचारलंही नाही. त्यांनी काजलला गाडीवर बसवलं. तिने वडिलांच्या फोनवरून घरी फोन लावला आणि गोरबोलीत, म्हणजे त्यांच्या बंजारा भाषेत, बोलली. मला त्यातलं 'याडी' कळलं, म्हणजे आई. आणि 'ओटीपी' कळलं. आई मोठ्याने काहीतरी म्हणाली, त्यावर काजलने फोन कानापासून लांब धरला.

मी लॅपटॉप पाठीला लावून माझ्या गाडीवर पुढे निघालो. वाटेत माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. म्हातारा घरी नसला तर? त्याचा फोन बंद पडला तर? आणि त्याहून वाईट म्हणजे, वसरामभाऊंसमोर तो बोलला तर? आरशात त्यांची गाडी दिसत होती. ती मागे पडली की मला भीती वाटे आणि जवळ आली की जास्त वाटे. अडीचच्या आत पोचायचं होतं. खडीच्या एका डंपरमागे अडकलो आणि पोचायला पावणेतीन झाले.

गावात रिटायर पोस्टमनचं घर विचारलं, तेव्हा राऊत हे नाव कळलं. राऊतकाका अंगणात खुर्ची टाकून बसले होते. पांढरा सदरा, खिशात पेन, मांडीवर बटणांचा साधा फोन. पाणी विचारलं. मग काजलकडे हात केला.

"आधार."

तिने दिलं. काकांनी फोटो पाहिला, मुलगी पाहिली, पुन्हा फोटो पाहिला. "फोटो तुया नाई वाटत."

"आधारवर कोणाचाच वाटत नाही काकाजी," मी म्हणालो.

"तुमाले नाई इचारलं."

मी लॅपटॉप खाटेवर ठेवला, मोबाइलवरून इंटरनेट जोडलं आणि कोड मागवला. 'कोड पाठवला आहे' असं आलं. आम्ही पाचही जण... म्हणजे चौघे आणि तो फोन, वाट पाहत बसलो. फोन वाजला नाही. पाच मिनिटांनी पुन्हा मागवला. काही नाही. तिसऱ्यांदा मागवायला मन धजेना. जास्त वेळा मागितलं तर कंपनीला संशय येतो आणि ती खातं दिवसभरासाठी बंद करून टाकते. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"काकाजी, फोन पाहू द्या जरा."

"हात नका लावू. सांगा काय पाह्यचं ते."

"वर कोपऱ्यात काय दिसतं?"

"पाकीट. लपलप करून राह्यलं."

जुन्या बटणांच्या फोनमध्ये पाकीट लुकलुकलं की समजायचं, मेसेजची पेटी भरली. एक काढल्याशिवाय दुसरा आत येत नाही. मी विचारलं, किती मेसेज आहेत? काकांनी यादी उघडून माझ्याकडे धरली. मी पाहत गेलो. कोड, कोड, कोड. ईमेलचे, बँकांचे, कसले कसले. दोन वर्षांत आर्णीत जो कोणी 'पासवर्ड विसरलात?' दाबत होता, त्याचा आकडा बोरी अरबच्या या अंगणात येऊन पडत होता. हा नंबर एखाद्या उपद्व्यापी माणसाला मिळाला असता तर, हा विचार मी तिथे पूर्ण केला नाही.

"हे काढून टाका काकाजी. जुने आहेत, बिनकामाचे."

"दुसऱ्याची डाक फाडत नसतेत."

"पण हिचा कोड येणार कसा मग?"

"माही डाक मी काढून टाकली कवाचीच. हे माह्या नावाचे नाईत. मालकाले इचारल्याबिगर मी हात नाई लावत." आणि मग ते वसरामभाऊंकडे वळले. "मालक हेच हायेत. नंबर याहिचाच होता. यायनं सोडून देला अन् लोकायच्या खात्यात तसाच ठेवला. तुमाले सांगतलं नाई काय?"

वसरामभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. आर्णीपासून ज्याची भीती होती ते आलं. मी म्हणालो, "हो भाऊ. चूक माझी आहे. सर्व्हर स्लो नव्हता."

काजल रडायच्या बेतात होती.

"सर, पयले कोड आना," ते म्हणाले. "मंग तुमचं पाहू."

आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी काकांना म्हणालो, "मालक मी आहे ना? मग मी सांगतो, काढून टाका."

"तोंडी नाई चालत. लिहून द्या."

मी काजलच्या वहीचं पान फाडून अर्ज लिहिला. मी अमुक, राहणार आर्णी, माझ्या जुन्या क्रमांकावर आलेले सर्व संदेश नष्ट करण्यास संमती देतो. खाली सही. काकांनी चष्मा लावून वाचला. "तारीख?" तारीख टाकली. "टाइम?" वेळ टाकली, तीन वाजून बत्तीस मिनिटं. मग त्यांनी एकेक मेसेज काढायला सुरुवात केली. सगळे एकदम काढता येतात, हे मी दोनदा सांगितलं. त्यांचा त्यावर भरवसा नव्हता. पाच-सहा निघाले तेव्हा मी म्हणालो, आता पुरे, जागा झाली. आणि तिसऱ्यांदा कोड मागवला.

फोन वाजला. मी पुढे वाकलो.

"तुमी तिकडं तोंड करा," काका म्हणाले.

"अहो, टाइप मलाच करायचं आहे."

"पोरीले टाइप करता येत नाई काय?"

मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. वसरामभाऊही सांगितलं नसताना वळले. मागून काजलच्या बोटांचा आवाज येत होता, हळू, एकेक कळ. एकदा ती थांबली, पुसलं, पुन्हा टाकलं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की घाई कर, कोड दहा मिनिटंच चालतो. पण मी भिंतीकडेच पाहत राहिलो.

"उघडलं सर."

पुढचं मी केलं. ईमेलमधून लिंक, लिंकवरून साइटचा नवा पासवर्ड, मग साइट. साइटवर पांढरं गोल चक्र फिरत राहिलं. राज्यातल्या सगळ्या मुली त्याच वेळी बटण दाबत असाव्यात. चार वाजले, चार वीस, चार पस्तीस. दोनदा पान कोरं आलं. वसरामभाऊ अंगणाच्या टोकाला जाऊन पाठमोरे उभे राहिले. चार बेचाळीसला बटण दिसलं. काजलने दाबलं. हिरव्या पट्टीत सीट पक्की झाल्याचं आलं.

वसरामभाऊ आले, स्क्रीनकडे बघितलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. हिरवा रंग त्यांना पुरला. काकांच्या बायकोने चहा आणला. माझं काय पाहायचं ते वसरामभाऊंनी चहा पितापिता पाहिलं. म्हणाले, "सर, तुमी उद्यापासून सगळ्याइले फोन लावा. एकएकाले."

मी लावले. वही घेऊन चार दिवस बसलो. निम्म्या लोकांनी मला फसवणारा समजून फोन कापला. दोघांनी पोलिसात कळवलं. ठाण्यातल्या हवालदाराचं ईमेल खातंही मीच काढलेलं होतं, त्यामुळे त्यांच्याशी बोलणं सोपं गेलं. धडा एवढाच, की गिऱ्हाइकाच्या खात्यावर गिऱ्हाइकाचाच नंबर टाकावा. हे कळायला पदवी लागत नाही, व्याख्यान तर मुळीच नाही.

त्या दिवशी चहा झाल्यावर मी काजलला म्हणालो होतो, आता रिकव्हरी नंबर बदलून तुझ्या वडिलांचा टाकू. वसरामभाऊंनी थोडा विचार केला आणि नको म्हणाले. त्यांचा फोन घरात सगळेच उचलतात, आणि विचारलं तर कोणीही काहीही सांगून देतो.

काजल आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या खात्यावर आजही राऊतकाकांचाच नंबर आहे.