न बदलणारा रूपविकारी तारा

रूपविकारी तारा म्हणजे ज्याचा उजेड कमी-जास्त होत राहतो असा तारा. नागपुरात तो पोरांना आकाशात दाखवायचा म्हणजे रस्त्यावरच्या दिव्यांशी भांडण. म्हणून मी कॉम्प्युटरवरच एक बनवला. स्क्रीनवर तो उजळतो, मंदावतो. शेजारच्या स्थिर ताऱ्यांशी ताडून पोरांनी दर मिनिटाला त्याचा उजेड लिहायचा आणि आलेख काढायचा. माझा फार जीव त्या ताऱ्यावर.

त्या दिवशी दोन तासांचं प्रॅक्टिकल संपलं आणि मी जर्नलं तपासायला घेतली. सगळ्यांचे आलेख लाटेसारखे, देखणे. एका मुलीचा मात्र सरळ आडवा, पट्टीनं ओढल्यासारखा. काविळीमुळे तिची आधीची प्रॅक्टिकल्स बुडाली होती. हेही गेलं तर वर्षच जाणार होतं. तरी ही अशी बेफिकिरी! माझं डोकंच फिरलं.

"काहून वं, ताऱ्याला काय इस्त्री करून आणलं?"

"मॅडम, तो बदलूनच नाही राहिला, तं मी काय करू?"

"मग बाकीच्यांनी काय भाड्याचे डोळे आणले? ये इकडे!"

सगळ्यांना स्क्रीनभोवती गोळा केलं. तारा लावला. "बघा, आता मंद होतोय. दिसतंय ना?"

"हो मॅडम!" अख्खा वर्ग ओरडला. मागून एक जण म्हणाला, "भल्लाच मंद झाला!" आणि खरं सांगते, मलाही तो मंद होताना दिसला.

ती मुलगी रडकुंडीला आली होती. तरी म्हणाली, "नाही झाला."

तिचं तोंड बंद करायलाच मी प्रोग्राम उघडला. उजेडाच्या चढउताराच्या जागी शून्य! सकाळी तपासताना मीच टाकलं आणि साफ विसरले. म्हणजे दोन तास तारा ढिम्म बसून होता, आणि बाकी सगळ्यांनी मागच्या बॅचच्या जर्नलांतून लाटा उतरवल्या होत्या. इतकी लाज वाटली मला, आणि लाज वाटली की मी जास्तच ओरडते.

"हिला पैकीच्या पैकी! बाकी सगळे परत करा, आत्ताच्या आत्ता!"

पोरं माना खाली घालून बसली. ती मात्र डोळे पुसत माझ्याकडेच बघत होती.

"मॅडम, मंद होताना तुमाले पण तं दिसला ना?"

मी आलेखाचा कागद उचलला, पोरांच्या रांगेत जाऊन बसले आणि तपासायला माझी खुर्ची तिला दिली.