पिसाच्या बुडाशी

लिंबाजीतात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी नेकनूरला शाळेत सहावीच्या वर्गावर होतो. बायकोनं दोनच वाक्यं सांगितली. शेळ्या पाण्यावर नेताना छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. मी पोरांना धडा वाचायला लावला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलो. खोटं कशाला बोलू... मनात पहिलं आलं ते दुःख नव्हतं. ‘सुटलो’ असं आलं. त्या एका शब्दानं गेला दीड महिना मला धड बसू दिलेलं नाही. जेवताना उठतो, वर्गात बोलता बोलता थांबतो. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चार चांगले शब्द लिहायची रीत आहे. ते माझ्याकडे आहेत, पण त्यातला एक मी तीन वर्षं दाबून ठेवला होता.

मी आठवडाभर नेकनूरला, शनिवारच्या एसटीनं घरी; उमापूरजवळच्या आमच्या वस्तीवर तात्यांचं घर आमच्या घराला लागून. वीस-पंचवीस शेळ्या, शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. दिवसभर रानात असल्यामुळे आभाळात काय फिरतंय ते त्यांना जमिनीवरून सरकणाऱ्या सावलीवरूनच कळायचं. वस्तीत कुणाची कोंबडी मेली की आधी तात्यांना हाक जायची. ते येत, उकिडवे बसत आणि ठरलेला प्रश्न विचारत, “दिसा गेली का रातची?” मुंडकं नाहीसं झालं असलं तर घुबड. मान चावलेली असली तर मुंगूस. जागेवरच पिसांचा ढीग आणि छाती कोरून खाल्लेली असली तर ससाणा. मग एखादं पीस उचलून त्याचं बूड खालच्या ओठावरून हळूच फिरवत. बोटांना घट्टे पडलेत, ओठाला बरोबर कळतं, असं त्यांचं म्हणणं. एकदा एकीच्या मांजरानं कोंबडी खाल्ली म्हणून दोन जावांचं असं जुंपलं की चुली वेगळ्या व्हायची वेळ आली. तात्यांनी दोघींच्या हातात एकेक पीस दिलं. “मांजर पिसाची काडी चावतं. ही बगा, साबूत हाय. ससाण्यानं मारलीय तुमची कोंबडी. आता भांडायचं तर त्याच्यासंगं भांडा, चढा लिंबावर.” दोघी हसल्या, आणि मला वाटतं त्या घराची चूल त्या पिसांमुळेच एक राहिली.

मला हे सगळं आवडायचं, आणि थोडं खुपायचंही. मास्तर मी, वस्तीत शहाणपण विचारायचं तर मला विचारावं, अशी माझी आपली एक समजूत. तर तीन वर्षांपूर्वी थंडी सरता सरता पंधरा दिवसांची रजा काढून घरी येताना मी नेकनूरच्या बाजारातून एक कोंबडा आणला. लालभडक तुरा, पायात पिसांचे झुपके. एसटीत पिशवीतून मान बाहेर काढून तो सगळ्यांकडे बघत होता आणि मी कौतुक ऐकत होतो. वस्तीवर तर मी त्याची मिरवणूकच काढली म्हणा ना. चौथ्या दिवशी तो पेंगायला लागला. हिरवट हगू लागला. सहाव्या दिवशी, रविवारी सकाळी पाहतो तर मेलेला. इतकी शेखी मिरवल्यावर ‘आजारी कोंबडा घेऊन आलो’ असं कोणत्या तोंडानं सांगायचं? मी तो गुपचूप नाल्यापलीकडे टाकून आलो. दुपारी घारी त्याच्यावर उतरल्या, आणि मला आयतं उत्तर सापडलं. पारावर जाऊन मीच बोंब ठोकली, “घारीनं माझा कोंबडा मारला!” चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

तात्या नाल्यापलीकडे जाऊन आले. मूठभर लाल पिसं घेऊन पारावर आले, ओठाला लावून झालेली. “गुरुजी, पाखरानं मारला न्हाई. मेल्यावर खाल्लाय.” कशावरून, असं मी विचारलं. “पिसाच्या बुडाला मास चिकटलंय. आंग ऊन आसताना पीस उपटलं तर बूड साफ निगतं. हे गार पडल्यावर उपटलंय. आन घारीला पिल्लू उचलाया येतं, येवढा मोठा कोंबडा न्हाई मारता येत. कोंबड्या कोंडून ठिवा समद्यांनी, डाक्टर बोलवा. हे दुखणं हाय.”

त्या क्षणी मला ‘हो’ म्हणायचं होतं. फक्त ‘हो’. वीस-एक माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती... आणि मी म्हणालो, “तात्या, पिसं चाटून भविष्य सांगायला तुम्ही काय ज्योतिषी आहात? शेळ्या राखा.” लोक हसले. तात्या हसले नाहीत, चिडलेही नाहीत. त्यांनी पिसं धोतराच्या सोग्यात बांधली आणि गेले. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण अंगात वारं शिरलं की माणूस थांबतो होय? विहिरीकाठच्या लिंबावर घारीचं घरटं होतं. मी सांगितलं आणि वस्तीवरचा रामभाऊ कुऱ्हाड घेऊन वर चढला. फांदीबरोबर दोन पिल्लं खाली आली. त्यांचे आईबाप दोन दिवस त्या मोकळ्या जागेवर ओरडत घिरट्या घालत होते. मी घरात बसून वह्या तपासत होतो, आणि एकही वही नीट तपासली गेली नाही.

आठवडा उलटायच्या आत कोंबड्या मान वेडीवाकडी करून पडायला लागल्या. गेवराईहून जनावरांचे डॉक्टर आले. मानमोडीची साथ म्हणाले, उरल्यासुरल्यांना लस टोचली, आणि विचारलं, “इतक्यात बाहेरून कुणी पक्षी आणला होता का?” तात्या समोरच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी गप्प राहिलो. झाकली मूठ सव्वा लाखाची... तिच्यात काय होतं ते मलाच ठाऊक. सगळ्यात मोठा फटका तात्यांच्याच घराला बसला. त्यांनी त्या दिवशी कोंबड्या कोंडल्या होत्या; पण कौसावहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, दुसऱ्या दिवशी दार उघडून दिलं. गुरुजी शिकलेले, गुरुजी म्हणतात घारच आहे, आणि घरटं तर पाडलंय, मग कोंडायचं कशाला? नवऱ्याचं सोडून त्यांनी माझं ऐकलं. त्यांची एक कोंबडी वाचली नाही.

त्यानंतर तात्या माझ्याशी पूर्वीसारखेच बोलत. पाऊसपाणी, शेळ्या, पोरांची शाळा. मीच अंग चोरायला लागलो. आज सांगू, उद्या सांगू... तीन वर्षं गेली.

तेराव्यानंतर मी कौसावहिनींना भेटलो. सगळं सांगितलं, पेंगणाऱ्या कोंबड्यापासून. त्या शेंगा फोडत होत्या, हात थांबले नाहीत. मला वाटलं, रडतील, किंवा ‘जाऊ द्या’ म्हणतील. त्या म्हणाल्या, “मला कावून सांगता? तुमी पारावर बोल्लेलते न्हवं त्यांना? मंग पारावरच सांगा.” आणि सूप उचलून आत गेल्या.

तिथून पारापर्यंत शंभर पावलं असतील. मला जायला दोन शनिवार लागले. पाच-सात जण बसले होते, रामभाऊही होता. मी उभ्यानंच सांगून टाकलं. कोंबडा दुखण्यानं मेला होता, मीच टाकला होता, तात्या खरं बोलत होते आणि मी खोटं. चाळीस पोरांसमोर रोज बोलणारा माणूस मी, इथे स्वतःच्या चपलांकडे बघत बोललो. कुणी दचकलं नाही. रामभाऊनं तंबाखू मळायची थांबवली.

“गुरुजी, ते आमाला तवाच कळलतं. डाक्टर आल्याच्या दिशीच. मी तर तुमाला जाब इचाराया निगालतो, दोन पिल्लं मारली म्या तुमच्या सांगन्यावरून. तात्यानं आडवलं मला. म्हनले, कुनी कायी बोलू नका. मानूस चांगला हाय, सवड द्या. आपल्या तोंडानं सांगंल.”

मी खाली बसलो. पाराची जी कड एसटीच्या रस्त्याकडे तोंड करून आहे, तिथे. रामभाऊ म्हणाला, “हितंच बसायचे ते, दर शनवारी. तुमची गाडी यायच्या टायमाला.” मला ते माहीत नव्हतं, कारण पार टाळायचा म्हणून मी तीन वर्षं मागच्या बोळानं घरी जात होतो.