झाकणाबाहेरचे आकाश

माझे थोरले बंधू रणगाडा दलात रिसालदार होते. रणगाड्याचा कमांडर वरच्या गोल झाकणातून छातीपर्यंत बाहेर उभा राहतो. धूळ खातो, पण चहूकडे पाहू शकतो. काचेच्या फटीतून जग पाहणे दादांना कधीच मान्य नव्हते. ते सुट्टीवर आले, की त्यांची मान उन्हाने करपलेली दिसे आणि मला त्यांचा हेवा वाटे. मी तेव्हा बंद खोलीत कायद्याची कलमे पाठ करीत होतो.

निवृत्तीनंतर ते नाशिकला माझ्या शेजारी राहायला आले. आमच्या चौकात एक बाद झालेला रणगाडा चौथऱ्यावर ठेवलेला आहे. दर खंडेनवमीला दादा त्याला झेंडूची माळ घालीत, वर चढून झाकण उघडीत आणि थोडा वेळ आत उभे राहत. मग सुशोभीकरणाच्या नावाखाली तेथे कुंपण आले आणि झाकणाला कुलूप लागले. शस्त्राची पूजा करणाऱ्या निवृत्त सैनिकाला कोणत्या नियमान्वये अडविले, असा अर्ज मी पालिकेकडे केला. उत्तर नाही. स्मरणपत्र पाठविले, अपील केले. ज्या टेबलावर माझे कागद पडून राहिले, त्या टेबलाविषयीचा माझा संताप आजही तसाच आहे.

याच काळात दादा मोबाइलवर दूरदूरच्या युद्धांची चित्रे पाहू लागले. लग्नाचे चित्रण करतात तसला स्वस्त ड्रोन, त्याला बांधलेले स्फोटक, आणि तो नेमका उघड्या झाकणातून आत. रणगाड्याचे पोलाद समोर जाड असते. डोक्यावर ते पातळ. म्हणून आता वर लोखंडी जाळ्या बसविलेल्या दिसत.

“गारांच्या भीतीने द्राक्षबागेवर जाळी टाकतात ना,” दादा म्हणाले, “तसं केलंय बघ. पुढे घुसणारी गाडी आता झाडीत दडून लांबून तोफ डागते.”

“मग रणगाडा मोडीतच काढावा की.”

“तू खटला फार लवकर निकालात काढतोस. गोळीबारात पायदळाला आडोसा कोण देणार? रणगाडा राहील. बाहेर उभं राहणं संपलं.” मोबाइल खाली ठेवून ते म्हणाले, “मला एकदा उभं राहायचंय, वकीलसाहेब. तुझा तो अर्ज लाव की मार्गी.”

गेल्या खंडेनवमीला एका तासाची परवानगी मिळाली. कुलूप निघाले. दादांनी माळ घातली, हळद-कुंकू वाहिले आणि माझा हात झिडकारून ते वर चढले. झाकणातून त्यांचे खांदे बाहेर आले, मान ताठ झाली. माझ्या आठवणीतला, सुट्टीवर येणारा दादा मला पुन्हा दिसला.

तोच वर घरघर ऐकू आली. दादा क्षणात खाली बसले आणि त्यांनी झाकण ओढून घेतले.

समारंभाचे चित्रण करण्यासाठी पालिकेने ड्रोन मागविला होता. परवानगीच्या अटींत त्याचा उल्लेख कोठेही नव्हता, आणि हे मी छायाचित्रकाराला मोठ्या आवाजात सुनावले.

“काका, वरून शॉट भारी येतो,” तो म्हणाला.

“त्याच्यावर ओरडू नकोस,” आतून आवाज आला.

मी कसाबसा वर चढलो. झाकण बोटभर उघडले. “माझा हात आपोआप गेला रे,” दादा म्हणाले.

“त्याने ड्रोन उतरवलाय. उठा आता.”

“दुसरा असेल.”

तास संपेपर्यंत ते आत बसून राहिले आणि मी बाहेर, तापलेल्या पोलादावर हात टेकून. ज्या आकाशासाठी मी इतके कागद लिहिले, ते त्या दिवशी निरभ्र होते.

यंदाही अर्ज केला आहे. त्या एका तासात चौकावर काहीही उडविले जाऊ नये, ही अट मी ठळक अक्षरांत घातली आहे. दादांचे गुडघे आता साथ देत नाहीत. मागून आधार देईन, असे मी त्यांना सांगितले. त्यावर ते हो म्हणाले नाहीत. काल मात्र त्यांनी विचारले, “झेंडू अजून महागला नसेल ना?”