फॉर्मवर मी ‘हो’ लिहिलं

महिला दिनाला कंपनीनं मला गुलाब दिला आणि रांगेतून बाहेर काढलं.

कॅन्टीनच्या मागच्या हॉलमध्ये तपासणी होती. हिरवे पडदे लावले होते, आत डॉक्टरबाई बसल्या होत्या. बाहेर बोर्ड होता, महिलांसाठी मोफत स्तन तपासणी. मी महिला होते. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच रांगेत जाऊन उभी राहिले. माझ्या पुढं सहाजणी. सगळ्यांचे शर्ट निळे, माझा करडा. निळा म्हणजे पर्मनंट. करडा म्हणजे कॉन्ट्रॅक्टवरची. मला ते ठाऊक होतं, पण छाती तपासताना कोणी शर्टाचा रंग बघत असेल असं वाटलं नव्हतं.

एचआरच्या मॅडम आल्या. मला हात नाही लावला. माझ्या बाहीचं कापड दोन बोटांत धरलं आणि ओढलं, दोरीवरचं फडकं काढावं तसं.

“हे कंपनीच्या लेडीजसाठी आहे. तुमचं तुमचा कॉन्ट्रॅक्टर बघेल.”

मग बादलीतला एक गुलाब काढून माझ्या हातात दिला. “हॅपी विमेन्स डे हं.”

पुढच्या सहाजणींनी वळून पाहिलं. त्यातल्या दोघी माझ्याच लाइनवर काम करायच्या. एकीनं आदल्या दिवशी माझ्या डब्यातली शेंगाची चटणी मागून खाल्ली होती. तिनं मान फिरवली. मी गुलाब घेतला. वर “थँक्यू मॅडम” म्हणाले. बाहेर काढलं त्याची मला लाज वाटत नाही. त्या थँक्यूची वाटते, अजून.

माझ्या डाव्या छातीत तेव्हा दोन महिन्यांपासून गाठ होती.

चाकणच्या पट्ट्यात आमची कंपनी. गाड्यांच्या वायरी बांधते. फळीवर खिळे ठोकलेले असतात, त्यातून रंगीत वायरी फिरवायच्या, टेप गुंडाळायची, टोकाला कनेक्टर दाबायचा. टक् आवाज आला की पुढची. दिवसभर बोटांनी चाचपायचंच काम. आंघोळ करताना गाठ लागली ती त्याच बोटांना. वाटाण्याएवढी. दुखत नव्हती. दाबली की जागची हलत नव्हती. मी साबण तसाच ठेवून खाली बसले.

नवऱ्याला सांगितलं. तो फोर्जिंगच्या, तापलेलं लोखंड ठोकायच्या कंपनीत आहे, आमच्या मराठवाड्याकडचाच. म्हणाला, “दुखतंय का? न्हाई ना? मग कशाला उगं डोक्याला ताप करून घेतीस?” वाईट नाही तो. घाबरला की असंच बोलतो. त्या दिवशी जेवला नाही.

आणि चार दिवसांनी जॉइनिंग होतं.

हे समजावून सांगायला पाहिजे. करड्या शर्टाला सात महिने काम मिळतं. मग ब्रेक. तीन आठवडे घरी बसायचं, मग पुन्हा नवीन म्हणून भरती व्हायचं. मी अशी पाच वेळा नवीन झाले आहे. दर वेळी गेटबाहेर लिंबाच्या झाडाखाली कॉन्ट्रॅक्टरचा माणूस मोटरसायकलच्या सीटवर फॉर्म ठेवून उभा असतो. त्याला सगळ्या भाऊ म्हणतात. फॉर्मवर दहा प्रश्न. बीपी आहे का, शुगर आहे का, फिट येते का, अंगावर कुठं गाठ, सूज आहे का. पेन एक, बायका चाळीस. कोणी वाचत नाही. आम्ही त्याला फॉर्म भरणं म्हणतच नाही, ‘नाही-नाही करून येणं’ म्हणतो. वरून खालपर्यंत नाही, नाही, नाही, मग सही. ‘हो’ लिहिणारी परत आत जात नाही हे पहिल्याच दिवशी जुन्या बायका सांगतात.

जानेवारीत मी तो प्रश्न वाचला. पहिल्यांदाच वाचला. अंगावर कुठं गाठ. मागून धक्का आला, “आटप की बाई.” मी ‘नाही’ लिहिलं आणि सही केली.

गुरुवारी आमच्याकडं सगळ्या कंपन्या बंद. महिला दिनानंतरच्या पहिल्याच गुरुवारी मी मोठ्या सरकारी दवाखान्यात गेले. खिडकीवरचा म्हणाला, “गाठीची ओपीडी मंगळवारी. सकाळी अकरापर्यंत केसपेपर.” मंगळवारी साडेसहा ते तीन मी फळीपुढं उभी असते. आठवड्यात सात दिवस, त्यातला माझा गुरुवार आणि गाठीचा मंगळवार. मी खिडकीसमोर उभी राहून हसले. वेड्यासारखी.

सुपरवायझरकडं सुट्टी मागितली. त्यानं सुट्टीचा कागद पुढं केला, त्यावर कारणाचा रकाना. मी ‘घरगुती’ लिहिलं.

“घरगुती म्हणजे? लग्न आहे का मयत?”

“दवाखाना आहे सर.”

“काय झालंय?”

आसपास चाळीस बायका, दहा पुरुष. तो मोठ्यानं म्हणाला, “बोल ना. काय झालंय ते कळल्याशिवाय मी सही कशी करू?” मी खाली मान घालून सांगितलं. त्याची नजर जिथं जायची तिथं गेली. मग त्यानं फोन लावून कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाला बोलावलं.

भाऊ आला तो फाइल घेऊनच. माझा जानेवारीचा फॉर्म काढला. नखानं ओळ दाखवली.

“ही सही कुणाची?”

“माझी.”

“इथं काय लिहिलंय?”

“नाही.”

“मग ताई, एक तर तू तेव्हा खोटं बोललीस, नाहीतर आता बोलतीस. तेव्हा बोलली असशील तर फसवून कामाला लागलीस, आजच घरी. आता बोलत असशील तर जा लाइनवर. तूच सांग.”

मी लाइनवर गेले.

तेव्हापासून मी कुठंच नव्हते. गाठ आहे म्हटलं तर काम जातं. नाही म्हटलं तर मंगळवार जातो. खासगी दवाखान्याची पायरी आम्ही बाळंतपणातही चढलो नव्हतो. बाथरूमला गेले की हात आपोआप शर्टाच्या आत. मे महिन्यात ती दोन पिनच्या कनेक्टरएवढी होती. जूनमध्ये मला चार पिनची वाटली. खरंच वाढली की माझ्या बोटांना वेड लागलं, कळत नव्हतं. लेक सातवीत आहे. तिची वेणी घालताना वाटायचं, हिला स्वतःची वेणी घालायला शिकवून ठेवावं. एकदा शिकवायला बसलेही. ती म्हणाली, “आई, आज काय मधेच?” मला इतका राग आला की मी कंगवा भिंतीवर आपटला.

लाइनवर आपणहून मी फक्त रुक्मिणबाईंना सांगितलं. त्या कंपनीशेजारच्या कुरुळीच्याच, जुन्या गावातल्या. पन्नाशीच्या आहेत, त्यांचाही शर्ट करडाच. आमचं शेड उभं आहे तिथं पूर्वी त्यांच्या सासऱ्याची ज्वारी होती. त्या म्हणाल्या, “लपवून काय हुतंय गं? मलाबी शुगर हाय की. दर सालाला न्हाई म्हून लिवती. गोळी घरी खाती, हितं चक्कर आली तर टेपाच्या खोक्यावर बसती. आमी अशाच चालायच्या.” त्यांनी हे सांगितलं ते मला धीर द्यायला. त्या लाइनवर किती ‘नाही’ उभे होते कोण जाणे.

ऑगस्टमध्ये ब्रेक मिळाला. ज्याला आम्ही शिव्या घालतो त्या ब्रेकनं मला मंगळवार दिला. पहिल्या मंगळवारी नंबर लागला नाही. दुसऱ्या मंगळवारी लागला. डॉक्टर मुलगी माझ्याहून लहान. तिनं गाठ दाबली, काखेत दाबलं, परत गाठ दाबली. तिचा चेहरा बदलला.

“कधीपासून आहे?”

“जानेवारीपासून.”

“सात महिने काय करत होतात तुम्ही? तुम्ही बायका ना, अगदी डोक्यावरून पाणी जाईपर्यंत येत नाही.”

मग तिनं गाठीत सुई घालून तपासायला थोडं काढून घेतलं. रिपोर्ट पुढच्या मंगळवारी म्हणाले. एसटीच्या थांब्यावर आले आणि तो प्रश्न छातीतल्या सुईपेक्षा जास्त टोचायला लागला. सात महिने काय करत होते? तुमच्या गाड्यांच्या वायरी बांधत होते. थँक्यू म्हणत होते. नाही लिहीत होते.

सोमवारी जॉइनिंग. तेच झाड, तीच मोटरसायकल, एक पेन. माझा नंबर आला. मी सगळे प्रश्न वाचले, सावकाश. मागून कुरकुर झाली. गाठीच्या ओळीवर आले आणि ‘हो’ लिहिलं. पुढं जागा होती तिथं लिहिलं, ‘डाव्या छातीत, जानेवारीपासून. मंगळवारी दवाखाना.’

भाऊनं वाचलं. आवाज बारीक केला. “ताई, रिपोर्ट आला का?”

“उद्या.”

“मग आज आजार नाहीच ना. खोड ते. नाही कर, आत जा. तुझं भलंच सांगतोय मी.”

खरं सांगते, हात पेनाकडं गेला. रिपोर्ट चांगला आला तर? फुकट काम घालवलं असं होईल. त्यानं दार किती बरोबर उघडून धरलं होतं. आणि तेवढ्यात मला माझंच थँक्यू मॅडम ऐकू आलं.

“खोडणार नाही,” मी म्हणाले. “तुम्हीच लिहा खाली, गाठ आहे म्हणून घेतलं नाही. आणि सही करा.”

“असं कुणी लिहून देतं का?”

“मी पाच वेळा दिलं.”

तो हसला. मग नाही हसला. “नेक्स्ट,” म्हणाला. मी फॉर्म त्याच्या हातातून घेतला आणि घडी करून पर्समध्ये ठेवला. रुक्मिणबाईंनी माझ्याकडं बघितलं, मग पेन घेतला आणि त्यांचं नाही-नाही केलं. मला त्यांचा राग आला नाही.

मंगळवारी रिपोर्ट आला. सुईतून नीट कळत नाही म्हणाले, तुकडा काढून बघावा लागेल, त्याची तारीख पुढची. म्हणजे अजूनही काही नाही. काम नाही, उत्तरही नाही. डॉक्टर मुलीनं केसपेपरवर लिहिलं, ‘रुग्ण उशिरा आली.’ मी फॉर्म तिच्या टेबलावर उलगडून ठेवला आणि का उशिरा आली ते सांगितलं, गुलाबापासून सगळं. म्हटलं, “हेही लिहा.” ती म्हणाली, “असं लिहीत नसतात ताई.” मी म्हटलं, “मग ‘उशिरा आली’ खोडा.” तिनं फॉर्म वरून खालपर्यंत वाचला. मग लिहिलं, ‘रजा नाकारल्याने उशीर.’ सही केली.

दोन्ही कागदांच्या झेरॉक्स काढल्या आहेत. एक संच कामगार अधिकाऱ्याच्या ऑफिसात देऊन पोच घेतली. काय होईल माहीत नाही. बहुतेक काहीच नाही.

गाठ कशाची आहे ते तुकडा सांगेल. रोज सकाळी हात तिथं जातो, रोज भीती वाटते. भीती गेली असं मी सांगणार नाही. पण पुढचं जॉइनिंग कधी आहे ते मी विचारून ठेवलं आहे. त्या दिवशी सहाच्या आत मी त्या झाडाखाली असेन, टाके असले तर टाक्यांसकट. करड्या शर्टाच्या एकेका बाईला दहाही प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवीन. मग तिनं काय लिहायचं ते तिनं ठरवावं. मला तिथून हलवायचं असेल तर बाहीला धरून चालणार नाही. हात लावावा लागेल.