शालिनीबाईंच्या यंत्रावरचं नाव

मालोजी कदमांना आपल्या हाताचा गर्व होता आणि तो त्यांनी कधी लपवलाही नाही. वडील संस्थानच्या शस्त्रागारात तलवारी उजळायचे. संस्थान गेलं, मध्य प्रदेश आला, तलवारी खुंटीवर गंजल्या. मग मालोजींनी राजवाड्यामागच्या खोलीत जुने व्हॅक्यूम क्लीनर उजळायला घेतले. महूच्या छावणीतल्या गोऱ्या साहेबांनी देश सोडताना विकलेली, धूळ ओढणारी ती धातूची नळकांडी, पोचे आलेली, काळवंडलेली. मालोजी पोचे ठोकून काढत, रेगमालाच्या खरखरीत कागदानं घासत, मग लोकरीच्या नमद्यानं हात दुखेपर्यंत चोळत. एक ओरखडा राहिला तरी त्यांना घास गोड लागत नसे.

शालिनीबाई पटवर्धनांचं यंत्रही असंच लखलखलं. शेजारचा पानवाला म्हणाला, "क्या बात है भिया, यात बघून दाढी करता येईल!" मालोजी फुगले.

दुपारी शालिनीबाई आल्या. शाळेत शिकवणाऱ्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी यंत्रावर तळहात फिरवला. पुन्हा फिरवला. मग ते उलटं करून पाहिलं.

"मालोजीराव, इथे माझं नाव होतं."

होतं ना! लग्नातल्या हंडा-कळशीवर घालतात तसं, ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेलं. अक्षरं तिरकी, एक लहान, एक मोठं. कुणा अडाण्याचं काम, असं म्हणून मालोजींनी ते घासून सपाट केलं होतं. बाईंना विचारलंसुद्धा नव्हतं.

"कासारानं फार वाकडं घातलं होतं, बाई..."

"बाबांनी घातलं होतं. हे यंत्र त्यांनीच मला लग्नात दिलं. आदल्या दिवशी खिळा-हातोडी घेऊन बसले. दिसत नव्हतं त्यांना नीटसं. आता तेही नाहीत."

मालोजींचे कान तापले. "मी घालून देतो ना! अगदी तसंच."

"तसंच म्हणजे कसं? 'श' कसा काढला होता, सांगा बरं."

मालोजींनी आठवून पाहिलं. सकाळभर ती अक्षरं नाकासमोर होती. वाकडी होती, एवढंच आठवलं.

"नाही सांगता येत," ते पुटपुटले.

बाई रागावून दोन शब्द बोलल्या असत्या तर मालोजी सुटले असते बिचारे. पण त्या म्हणाल्या, "राहू द्या. चमक छान आलीय."

यंत्र टांग्यात ठेवायला मालोजी स्वतः गेले. टांगेवाल्यानं वळून पाहिलं. "वाह बाईसाब, नया लिया क्या?"

"हो," शालिनीबाई म्हणाल्या, "आता नवंच झालंय."

टांगा कृष्णपुऱ्याकडे वळला तरी मालोजींना मान वर करवली नाही.